चालत जाण्याजोगी सहल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'वासंतिक सहली' असा विषय छापलेला आहे. तो वाचून आपणांपैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे एस.टी.ची लाल गाडी, आगारप्रमुखांकडे पाठवावयाचा अर्ज, पालकांची संमतिपत्रे आणि वर्गणीची यादी यांचेच चित्र उभे राहिले असेल, आणि मार्चअखेरच्या कामांत ही आणखी एक भर कशाला, असेही मनात आले असेल. आपण निश्चिंत असावे. मी ज्या सहलीविषयी बोलणार आहे तिला गाडी लागत नाही आणि वर्गणीही लागत नाही. शाळेच्या फाटकातून निघून तिसरीतले मूल पायी जितके दूर जाऊ शकेल आणि दुपारच्या खिचडीच्या वेळेपर्यंत परत येऊ शकेल, तितकेच तिचे क्षेत्र. तिचा काळही थोडा आहे. माघ सरता सरता ती सुरू करावी आणि पाडव्यानंतर पंधरवड्यात आटोपावी. त्यापुढे ऊन मुलांना सोसवत नाही.

हा विषय मला कसा सुचला ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्यात माझ्या एका चुकीचा भाग आहे.

सन 1997 मध्ये मी याच जिल्ह्यातील एका लहान गावी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. पटावर 38 मुले होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शाळेची सहल महाबळेश्वर व प्रतापगड पाहावयास गेली. वर्गणी फार नव्हती, असे आम्हां शिक्षकांना वाटत होते. माझ्या वर्गातील 21 मुले आली. उरलेली 17 का आली नाहीत याची चौकशी मी केली नाही. 'पालक इच्छुक नाहीत' असा शेरा यादीवर लिहिला आणि विषय मिटला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे फळ्यावर 'आमची सहल' असे लिहून सगळ्या वर्गाला निबंध लिहावयास सांगितला. न आलेल्या मुलांनी काय लिहावे, हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. आज हे सांगताना संकोच वाटतो.

एकवीस वह्यांत एकच निबंध होता. पहाटे लवकर उठलो, गणपती बाप्पा मोरया म्हणून गाडी सुटली, गाणी म्हटली, गड पाहिला, खूप मजा आली. हा निबंध आपण सर्वांनी तपासलेला आहे. किंबहुना आपल्यापैकी बहुतेकांनी तो लहानपणी लिहिलेलाही आहे. सतरांपैकी काहींनी वही कोरी ठेवली. एका मुलीने मात्र पान भरून लिहिले होते. आरंभच असा होता, की मी सहलीला गेले नाही, मी शेरडे घेऊन ओढ्याला गेले. पुढे तिने लिहिले होते, की ओढ्याच्या काठी सावरीचे झाड आहे, त्याची लाल फुले खाली पडली की शेरडे पळत सुटतात, ती त्यांना आवडतात. वाळूत कोपरभर खड्डा केला की पाणी लागते. पहिले पाणी गढूळ असते, ते उपसून टाकायचे आणि दुसरे प्यायचे. बंधाऱ्यावर एक निळा पक्षी बसतो. तो हलत नाही, मग एकदम पाण्यात पडतो आणि मासा घेऊन वर येतो. तो मासा तो फांदीवर आपटतो आणि मग गिळतो.

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. परंतु त्या दिवसाच्या 38 वह्यांत डोळ्यांनी पाहून लिहिलेली वही ती एकच होती.

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत मी सगळा वर्ग घेऊन त्या ओढ्यावर गेलो. अंतर पाऊण मैलाचे असेल. ती मुलगी पुढे चालत होती आणि मी सर्वांच्या मागे. खड्डा कुठे करावयाचा हे तिने दाखविले. कुठल्या दगडाखाली खेकडे असतात हे दुसऱ्या एका, एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाने सांगितले. निळा पक्षी आला तेव्हा मी म्हणालो, "हा कोणता पक्षी, कोण सांगेल?" खरे म्हणजे मलाही ते ठाऊक नव्हते. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, खंड्या हाय त्यो." त्या दिवशी 38 पैकी 36 मुले हजर होती. एक आजारी होते, एक परगावी गेले होते. ते दोन आकडे मला अद्याप आठवतात, कारण त्या वर्षातील माझ्या वर्गाची तीच सर्वाधिक उपस्थिती होती.

दूरच्या सहलीला माझा विरोध नाही, हे येथे स्पष्ट करतो. ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही त्याला समुद्र दाखवावा, गड दाखवावा, रेल्वे दाखवावी. पण ज्या सहलीत निम्मा वर्ग मागे राहतो ती शाळेची सहल नव्हे. ती शाळेतील काही मुलांची सहल होय. आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक वर्ग मागे राहतो. कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात आणि त्यांची मुले आपल्या पटावर अतिथी म्हणून चार-पाच महिने बसतात. वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव कधीच नसते. फाल्गुनात ती येथेच असतात, आणि पायी सहलीला ती येऊ शकतात. गेल्या काही वर्षांत मी अशा ज्या सहली पाहिल्या त्यांत या मुलांना रानातल्या गोष्टी आपल्या मुलांहून अधिक ठाऊक असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले. बीड-उस्मानाबादकडील, म्हणजे आताच्या धाराशिवकडील, एखाद्या झाडाचे वेगळे नाव ती सांगतात आणि त्यावरून वर्गात तासभर बोलणे चालते.

आता ऋतूविषयी. पंचांगात वसंत म्हणजे चैत्र व वैशाख. पण आपल्या देशावरची झाडे पंचांग पाहत नाहीत. येथे बहराचा आरंभ माघ-फाल्गुनातच होतो. हवा कोरडी होते, जमिनीतील ओल उतरते, आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचविण्यासाठी पुष्कळ झाडे पाने टाकून देतात. मुले विचारतात, की पाणी नसताना झाडाला फुले कशी येतात? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर लगेच देऊ नये. पळसाखाली जाऊन द्यावे.

पळस आपल्या बहुतेक गावांच्या शिवेवर आहे. एका सहलीला एक पळस पुरतो, हा माझा अनुभव आहे. मुलांना झाडाखाली अर्धा तास बसवावे आणि कोण कोण फुलांवर येते ते मोजावयास सांगावे. साळुंकी येते, बुलबुल येतो, काळा कोतवाल येतो, इवलासा शिंजीर येतो, खारही येते. मधमाश्या येतात, परंतु पक्ष्यांचा राबता पुष्कळ. मग खाली पडलेले फूल हातांत घेऊन हुंगावयास सांगावे. त्याला वास नाही. पक्ष्याला बोलवावयाचे तर वासापेक्षा रंग हवा, आणि तो रंग लांबून दिसावयाचा तर मध्ये पाने नकोत. इतके मुले स्वतःच बोलू लागतात. आपण फक्त प्रश्न विचारावेत. फुलाच्या बुडाशी काळसर मखमली वाटी असते. पाकळ्या पाच. एक मागे उभी, दोन बाजूंना, आणि दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी. हेच हरभऱ्याच्या आणि वाटाण्याच्या फुलातही सापडते. शेतातून जाताना हरभऱ्याचे एखादे फूल राहिले असले, तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. पळस आणि हरभरा एका कुळातले, ही गोष्ट मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य आणते ते कोणत्याही तक्त्याने येत नाही.

पडलेली फुले पिशवीभर आणून शाळेत उकळावीत. केशरी रंग उतरतो. रंगपंचमी जवळच असते. पत्रावळी लावणारी एखादी आजी गावात असेल, तर तिला शाळेत बोलवावे. चोय कशी काढावी, तीन पाने कशी जोडावी, हे तिच्याकडून मुलांनी शिकावे आणि आपणही शिकावे. मला अद्याप गोल पत्रावळ साधत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, त्यांत स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यावर भर आहे. कागदोपत्री आधार हवा असणाऱ्यांसाठी हे सांगितले. पत्रावळ लावणारी आजी त्यात निश्चित बसते.

पळसाखेरीज पाहण्यासारखे काय, हे गावागावावर अवलंबून आहे. आपल्या सातारा जिल्ह्याइतकी विविधता फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली असेल. पश्चिमेस जावळी, महाबळेश्वर, पाटण येथे पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माण-खटावात पावसाची वाट पाहण्यात वर्ष जाते. तेव्हा एकच नमुना सगळ्यांना देता येणार नाही.

जावळी-पाटणकडील शिक्षकांनी करवंदीच्या जाळ्यांकडे जावे. फाल्गुनात त्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि वाट सुगंधी होते. जांभळीलाही मोहर येतो, अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी मढतात. कोशिंबाची नवी पालवी पाहिलीत का? ती फुलांसारखी लालभडक असते, आणि दुरून पाहणारा मनुष्य हमखास फसतो. मुलांनाही फसू द्यावे आणि मग जवळ न्यावे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावाला 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. सातेरी माश्यांच्या पेट्या पाळणारे शेतकरी त्या भागात गावोगाव आहेत. त्यांपैकी कोणाकडे मुलांना नेले आणि त्याने एक चौकट उघडून दाखविली, तर फूल आणि मध यांच्यामधला दुवा मुलांना कळतो. अर्थात पेटी त्यानेच उघडावी, आपण नव्हे.

माण-खटावकडील बंधू म्हणतात, "साहेब, आमच्याकडे माळ आहे. माळावर काय दाखवायचे?" माळावर टिटवी असते. मार्चपासून ती उघड्या जमिनीवरच, दगडगोट्यांत अंडी घालते, आणि ती अंडी गोट्यांसारखीच दिसतात. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की समजावे, आपण घरट्याजवळ आहोत. तेथेच थांबावे, मुलांना उभ्या जागेवरून नजर फिरवावयास सांगावे, आणि दिसो वा न दिसो, दोन मिनिटांत मागे फिरावे. उन्हात अंडी उघडी पडली तर नासतात. चंडोल गात गात आभाळात वर जातो तोही माळावरच. कडुनिंबाला पाडव्याच्या सुमारास मोहर येतो, आणि त्याच्या सावलीत बसून माळाकडे पाहिले की महादेवाच्या डोंगराचे सपाट माथे दिसतात. हे माथे सपाट का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारस भेगांतून वर येऊन थरावर थर पसरत गेला, तोच हा काळा पाषाण. डोंगराच्या उभ्या कड्यावर ते थर मोजता येतात; काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तसे मुलांनी ते थर मोजावेत. भूगोलाचा हा धडा पाण्याअभावी ओसाड दिसणाऱ्या माळावरच उत्तम होतो, कारण तेथे झाडांनी काही झाकलेले नसते.

कृष्णाकाठच्या शाळांचे भाग्य थोर आहे. वाईजवळच्या मेणवलीचा घाट आणि तेथील घंटा, संगम माहुली, गावोगावचे लहान घाट आणि चिंचा. परंतु मला सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे लिंबची बारा मोटांची विहीर. तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण जवळच्या शाळांतील पुष्कळ मुले तिच्याजवळून जातात, पण ती पाहत नाहीत.

ही विहीर 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविली. मुख्य विहीर अष्टकोनी आहे, तिला जोडून पायऱ्यांची दुसरी लांबट विहीर, आणि या दोहोंच्या मधोमध, पाण्याच्या वर, दगडी महाल. खोली सुमारे 110 फूट आणि रुंदी 50 फूट सांगतात. ऐन उन्हातही आत उतरताना पायरीपायरीने गारवा वाढत जातो. मुलांनी डोळे मिटून उतरण्याचा खेळ मात्र करू नये. पायऱ्यांवर एका ओळीत, भिंतीच्या बाजूने आणि शिक्षकाचा हात लागेल इतक्या अंतरातच उतरावे. वर आल्यावर काठावरच्या मोटांच्या जागा मोजावयास सांगावे. मग बोलणे निघते ते मोटेचे. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नाही. विजेचा पंप पाहिला आहे. गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला बरोबर नेले, तर तो धाव दाखवील, थारोळे दाखवील, नाडा आणि सोंदूर यांतला भेद सांगेल, आणि बैल उताराला का चालवीत तेही सांगेल. हे शब्द आता वापरात उरलेले नाहीत. मुलांनी ते वहीत लिहून घ्यावेत. भाषेच्या तासाला असे घबाड पुन्हा मिळत नाही. एका शाळेने अशा जुन्या शब्दांची यादी भिंतीवर रंगविली आहे. गावातील माणसे शाळेत आली की ती वाचतात आणि एखादा शब्द सुटला असेल तर सांगून जातात.

मोठ्या विहिरीच सर्वत्र नसतात. साध्या शेतविहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी लोंबत असतात. खाली पडलेले एखादे सापडले तर ते उसवून त्यात गवताचे किती धागे आहेत ते मोजा, असे मी एकदा मुलांना सांगितले. दोनशेपर्यंत मोजून त्यांनी हात टेकले.

वणव्याविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. याच दिवसांत आपल्या डोंगरांच्या उतारांवर काळे पट्टे दिसू लागतात. गवत जाळले की पुढील वर्षी चांगले येते, अशी समजूत अद्याप आहे. सहलीच्या वाटेवर जळालेला उतार लागला तर तो टाळून जाऊ नये. मुलांना तेथे नेऊन बसवावे. एका बाजूला न जळलेले गवत आणि दुसऱ्या बाजूला राख, दोन्हीकडे एकेक हात जागा खुणेने आखावी आणि त्यात काय काय सापडते ते लिहावे. एका बाजूला किडे, बिया, कोवळी रोपे, मुंग्यांची वारुळे. दुसऱ्या बाजूला गोगलगायींचे पांढरे शंख आणि कोळसा. पहिल्या पावसात उघडी पडलेली माती वाहून ओढ्यात येते, हे त्यांना सांगावे. 1927 च्या वन अधिनियमानुसार राखीव वनास आग लावणे हा गुन्हा आहे, हेही सांगावे. पण त्याहून अधिक परिणाम त्या दोन हातभर जागांचा होतो. आग लावणारा कित्येकदा मुलांच्या घरातलाच असतो, तेव्हा कोणाचे नाव न घेता हे बोलावे. मुले घरी जाऊन बोलतातच.

आता काळजीच्या गोष्टी. येथेही मला माझीच चूक सांगावी लागते. काही वर्षांनी दुसऱ्या एका गावी असताना मी मुलांना एका ओढ्याकाठच्या देवळाशी नेले. तिथे चूल मांडून पोहे करावयाचे ठरले. मोठी मुले लाकडे घेऊन आली, चूल पेटली, धूर वर गेला. वरच्या पिंपळावर आग्या मोहोळ होते, आणि मी येताना वर पाहिलेच नव्हते. दोन मुलांना आणि मला माश्या चावल्या; एका मुलाचा चेहरा सुजला. आम्ही त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले आणि तो सायंकाळी बरा होऊन घरी गेला, म्हणून आज मी येथे उभा राहून हे सांगू शकतो. त्या दिवसापासून मी दोन नियम पाळतो. जागा आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय मुलांना नेत नाही. आणि सहलीत विस्तव नाही. शिदोरी घरून आणावी. भाकरी, चटणी, गुळाचा खडा, एवढे पुरे आहे. ती सर्वांनी मध्ये ठेवून खावी, म्हणजे ज्याच्या डब्यात काही नाही तो वेगळा दिसत नाही.

पाण्याविषयी एकच नियम, आणि त्याला अपवाद नाही. कोणीही पाण्यात उतरावयाचे नाही. नदीत नाही, बंधाऱ्यात नाही, शेततळ्यात तर मुळीच नाही. शेततळ्याच्या काठांना प्लॅस्टिक असते आणि पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. "गुरुजी, मला पोहता येतं," असे म्हणणारे मूल प्रत्येक वर्गात असते. त्याच्यावर दोन डोळे अधिक ठेवावेत. पहिली-दुसरीसाठी एक किलोमीटर, तिसरी-चौथीसाठी दोन-अडीच, आणि त्यापुढच्यांसाठी चार-पाच किलोमीटर एकंदर जाऊन येऊन, इतकेच चालणे ठेवावे. दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. शिक्षक कमी पडतील तेथे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना आणि मातांना बोलवावे. त्या आनंदाने येतात. निघताना आणि परतताना मोजणी, मधल्या प्रत्येक थांब्यावरही मोजणी. टोपी किंवा ओढणी, प्रत्येकाजवळ पाणी, साडेदहाच्या आत परतीची वाट. मुख्याध्यापकांना आणि पालकांना लेखी कळवावे, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना तोंडी, कारण त्यांना न कळविल्याने खिचडी गार होते व त्यांचा राग दोन दिवस टिकतो.

परत आल्यावर काय? निबंध नको, ही माझी हात जोडून विनंती आहे. निदान 'आमची सहल' हा मथळा नको. नकाशा काढू द्या. शाळेपासून ओढ्यापर्यंतच्या वाटेचा, ज्यात प्रत्येक मुलाने आपल्याला महत्त्वाच्या वाटलेल्या खुणा दाखवाव्यात. एखाद्या मुलाच्या नकाशात देऊळ नसते पण कुत्र्याचे घर असते. ते बरोबरच आहे. वडाचा घेर दोरीने मोजून आणला असेल तर तो मीटरमध्ये करून पाहावा. काठीची आणि झाडाची सावली मोजली असेल तर झाडाची उंची काढावी. आणि एक कायमची नोंद मात्र प्रत्येक शाळेने आरंभावी. एका जाड वहीत, शिवारातील ठरावीक दहा झाडांना दर वर्षी पहिले फूल किंवा पहिली पालवी कोणत्या तारखेला दिसली, ती तारीख आणि पाहणाऱ्या मुलाचे नाव. शिक्षक बदलून जातील, वही शाळेत राहील. पाच-सात वर्षांनी एखाद्या मुलाने ती उलटून पाहिली आणि आपल्या थोरल्या बहिणीचे नाव सावरीच्या ओळीत वाचले, तर त्या वहीचे काम झाले.

हे सारे नवे आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुलांच्या हाती शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने दिली. जी मुले गुरे राखावयास जात आणि म्हणून शाळेत येऊ शकत नसत, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. तिला 'कुरणशाळा' असे नाव होते. त्या मानाने आपण मागतो आहोत ते फार थोडे आहे. वर्षातील तीन-चार शनिवार.

माझ्या त्या वर्गातील मुलगी पुढे सातवीपर्यंत त्याच शाळेत होती, एवढे मला ठाऊक आहे. तो ओढा मी गेल्या वर्षी पुन्हा पाहिला. काठाने दोन्हीकडे ऊस आला आहे, विंधनविहिरी झाल्या आहेत, आणि वाळूत कोपरभर खणून आता पाणी लागत नाही. सावर मात्र उभी आहे, आणि जागा अजून पाहण्याजोगी आहे. बंधाऱ्यात थोडे पाणी असते तोवर खंड्याही येतो.

पुढील महिन्याची परिषद आपण या सभागृहात घेणार नाही, तर त्याच ओढ्यावर घेणार आहोत. केंद्रप्रमुखांशी बोलणे झाले आहे. सर्वांनी शनिवारी सकाळी सात वाजता गावाच्या वेशीशी जमावे. येताना आपल्या शाळेपासून चालत जाता येतील अशा तीन जागांची नावे, अंतरे आणि तेथील धोके लिहून आणावेत. पाणी आणि शिदोरी प्रत्येकाने आपापली आणावी. मोहोळ कुठे आहे ते मी आदल्या दिवशी जाऊन पाहून येईन.